जाड भिंत म्हणजे इन्सुलेशन नव्हे

"भिंत दीड फुटी दगडी आहे, मग वरून इन्सुलेशन कशाला?" कमी ऊर्जेत चालणारं घर बांधायला निघालेल्या माणसाशी बोलायला बसलो की पहिल्या अर्ध्या तासात हे वाक्य येतंच. त्याचा जुळा भाऊही लगेच मागून येतो: "थर्माकोल? बोटानं दाबलं तर खड्डा पडतो, त्यानं काय उन्हाळा अडणार?" दोन्ही वाक्यांमागे गैरसमज एकच आहे. वजनदार वस्तू उष्णता अडवते, हलकी अडवत नाही, असं आपला हात आपल्याला सांगतो. हात इथे फसवतो.

जाड भिंतीचं घर कसं लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. भर दुपारी बाहेरून आत शिरलं की अंगावर गारवा येतो, आणि भिंतीला तळहात लावला की बरं वाटतं. हा अनुभव शंभर टक्के खरा आहे. चुकतं ते त्याचं कारण सांगताना. ती भिंत उष्णता अडवत नसते, ती उष्णता पीत असते. तिच्या या गुणाला थर्मल मास म्हणतात, आपण त्याला उष्णतेचा साठा म्हणू. इन्सुलेशनचं काम याहून वेगळं. ते काही साठवत नाही, फक्त वाट अरुंद करतं.

चुलीवरचं जाड बुडाचं भांडं आठवा. आच बंद केल्यावरही ते कितीतरी वेळ चटका देतं, हा साठा. ते उतरवायला घेतलेलं घडी केलेलं फडकं म्हणजे इन्सुलेशन. फडक्यात साठा नावालाही नाही, पण हात वाचतो तो त्याच्यामुळेच. आता भांड्याचं बूड अजून जाड केलं म्हणून ते नुसत्या हातानं उचलायला जाणार का?

आता आकडे. पदार्थातून उष्णता किती सहज वाहते हे वॉट प्रति मीटर-केल्विन या एककात मोजतात. आकडा जितका लहान तितका अडथळा मोठा. ग्रॅनाइटचा साधारण २.८, भाजलेल्या विटेचा ०.७ च्या आसपास, थर्माकोलचा ०.०३५. म्हणजे १० सेंटिमीटर थर्माकोलइतका अडथळा उभा करायचा तर विटांची भिंत २ मीटर जाड लागेल आणि ग्रॅनाइटची ८ मीटर. हेच गणित उलट करा: तुमची दीड फुटी ग्रॅनाइटची भिंत अडवण्याच्या बाबतीत साधारण ६ मिलिमीटर थर्माकोलच्या बरोबरीची आहे. दगडाची जात बदलली, मधे चुना-माती आली तर आकडा थोडा हलेल, पण सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या पलीकडे फारसा जाणार नाही.

थर्माकोलमध्ये असं काय आहे? काहीच नाही, आणि तेच त्याचं भांडवल. त्यात सुमारे ९८ टक्के हवा असते. जागच्या जागी कोंडलेल्या हवेचा आकडा ०.०२५ च्या जवळ असतो. रॉकवूल (दगड वितळवून काढलेले तंतू), लोकर, कापूस, भुसभुशीत बर्फ, पेंढ्याच्या गासड्या या सगळ्यांची युक्ती एकच: हवेला हलू द्यायचं नाही.

साठ्याचं कोष्टक बरोबर उलटं लागतं. एक घनमीटर काँक्रीट एक अंशानं तापवायला सुमारे २ मेगाज्यूल लागतात. तेवढ्याच आकारमानाच्या थर्माकोलला ०.०३. पाणी या दोघांच्या वर, ४.२ मेगाज्यूल.

इथवर बहुतेकांना पटतं. मान डोलते, चहा येतो, आणि मग प्रश्न येतो, "बरं, पण शेवटी दोन्हींनी घर गारच राहतं ना? मग काय फरक पडतो?" खरा घोळ इथे आहे, म्हणून इथे थांबतो.

इन्सुलेशन ठरवतं की उष्णता *किती* जाईल. साठा ठरवतो की ती *कधी* पोचेल. ९ इंची विटांच्या भिंतीला दुपारच्या उन्हाचा तडाखा बसला की तो आतल्या बाजूला जाणवायला सहा-सात तास लागतात, आणि पोचेपर्यंत त्याची धारही बोथट होते. दुपारी तुम्हाला वाटतं भिंतीनं ऊन अडवलं. भिंतीनं ते उधारीवर घेतलंय. रात्री ती परत करणार, आणि तेव्हा बाहेरची हवा गार असली व तुम्ही खिडक्या उघडल्या तर ते बाहेर निघून जाणार. तसं झालं नाही तर ते तुमच्या उशाशी येऊन बसणार.

म्हणून साठ्याची सगळी मदार एकाच गोष्टीवर आहे: दिवस आणि रात्र यांत फरक किती, आणि त्या दोघांची सरासरी सोसवण्याजोगी आहे का.

दिवसा ३८ अंश आणि रात्री १८, अशी कोरडी हवा घ्या. सरासरी २८. जाड भिंत आतलं तापमान या सरासरीकडे ओढते. रात्री घरातून वारा खेळवला तर त्याच्याही खाली आणते. इथे जाड भिंत राणी आहे. वाळवंटी प्रदेशांत माणसांनी शतकानुशतकं मातीची जाड घरं बांधली ती उगाच नाही.

आता दिवसा ३६ आणि रात्री ३०, अशी दमट हवा घ्या. सरासरी ३३. भिंत कितीही जाड करा, ती तुम्हाला ३३ कडेच नेणार. उलट रात्री बाहेर ३० असताना आत तीच भिंत दुपारची उधारी फेडत बसते. दमट उष्ण प्रदेशांतली जुनी घरं लाकडाची, बांबूची, हलकी आणि वाऱ्याला मोकळी असतात ती याचसाठी: सूर्य मावळला की ती पटकन निवतात. अशा हवेत वातानुकूलन लावायचं असेल तर उपयोग इन्सुलेशनचा, आणि छपरावर सावलीचा.

तिसरी हवा थंडीची. दिवसा २, रात्री उणे ८, सरासरी उणे ३. आत २० अंश हवे आहेत. उष्णता चोवीस तास एकाच दिशेनं, बाहेर, चालली आहे. उधारी परत यायचा प्रश्नच नाही, कारण रात्री-दिवसा कधीच बाहेरून आत काही येत नाही. अशा वेळी ९ इंची विटांच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ४६ वॉट बाहेर जातात. भिंत दुप्पट जाड करा, १८ इंची: २८ वॉट. खर्च, पाया आणि जागा, सगळं वाढवून एवढंच. त्याऐवजी मूळच्या ९ इंची भिंतीवर बाहेरून १० सेंटिमीटर थर्माकोल लावा: ७ वॉट. हा हिशेब मी कागदावर करून दाखवतो तेव्हा समोरचा दोनदा तपासून बघतो. बघावाच.

एक गोष्ट आणखी, जी भल्याभल्या बांधणाऱ्यांच्याही लक्षात नसते. चोवीस तासांच्या चक्रात काँक्रीटचा फक्त वरचा १०-१५ सेंटिमीटरचा थरच खरं काम करतो. त्याच्या मागची जाडी दिवसभरात जागीच होत नाही. म्हणून साठा हवा असेल तर तो एका अवाढव्य भिंतीत कोंबू नका, पातळ करून जास्त क्षेत्रफळावर पसरा: जमीन, आतल्या भिंती, छताची खालची बाजू. आणि मग त्यावर गालिचा, फॉल्स सीलिंग आणि लाकडी पॅनेलं चढवू नका. हजारो किलो काँक्रीट ओतायचं आणि मग त्याला खोलीच्या हवेपासून झाकून ठेवायचं, हा प्रकार बघितला की माझं डोकं फिरतं.

इथून पुढचा प्रश्न आपोआप येतो: दोन्ही वापरायची तर कोण आत, कोण बाहेर? इन्सुलेशन बाहेर, साठा आत. यात माझ्याकडे तडजोड नाही (एक अपवाद आहे, तो शेवटी). इन्सुलेशन आतून लावलं की भिंतीचा सगळा साठा घराबाहेर फेकला जातो. खोलीला त्याचा उपयोग शून्य, तो फक्त रस्त्याची हवा गरम-गार करत बसतो. शिवाय थंड प्रदेशात आतली दमट हवा इन्सुलेशनच्या मागे गारठलेल्या विटेपर्यंत पोचली की तिथे पाणी धरतं आणि बुरशी येते. बाहेरून गुंडाळलं की भिंत उबदार आणि कोरडी राहते.

हे नीट करून दाखवलेलं घर बघायचं तर जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरातल्या क्रानिखश्टाइन भागातलं पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे तापवायला अगदी थोडी ऊर्जा लागणारं घर, बघा. १९९१ मध्ये तिथे चार घरांची एक रांग राहती झाली. त्यामागचे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट स्वतः तिथेच राहायला गेले. भिंतीचा छेद पाहिला तर आत १७.५ सेंटिमीटर चुना-वाळूच्या विटा, बाहेर २७.५ सेंटिमीटर थर्माकोल. दगडी वाड्याइतकी जाडी, पण तिची वाटणी अशी की अडवणारा अडवतो आणि साठवणारा साठवतो. पुढे पॅसिव्ह हाउसची जी कसोटी रूढ झाली तिच्यात घर तापवायला वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटांपेक्षा जास्त ऊर्जा लागता कामा नये, अशी अट आहे. कसोटी निकाल मागते, भिंत किती जाड हे विचारत नाही.

नावावरून होणारा आणखी एक गोंधळ जाता जाता: पॅसिव्ह हाउस आणि पॅसिव्ह सोलर घर एक नव्हेत. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर उत्तर अमेरिकेत दोन तट पडले होते. एक, पॅसिव्ह सोलरवाला, म्हणायचा, दक्षिणेला भरपूर काच लावा, मागे जड भिंत उभारा आणि सूर्य साठवा. दुसरा म्हणायचा, काच मोजकी ठेवा, घर जाड इन्सुलेशननं गुंडाळा आणि फटी बुजवा. कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ मध्ये बांधलेलं सस्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाउस दुसऱ्या तटाचं. काच-आणि-वजन घरांपैकी कितीतरी दिवसा भट्टी आणि ढगाळ आठवड्यात गारठा अशी निघाली, कारण साठा भरायला ऊन नसेल तर तो रिकामाच राहतो. वाद आता निवला आहे. थंड हवेपुरता तो दुसऱ्या तटानं जिंकला, असं माझं स्पष्ट मत.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती सहज जाते) आणि आर-व्हॅल्यू (भिंत किती अडवते) हे एकमेकांचे व्यस्त आहेत, पहिला लहान हवा, दुसरा मोठा, संपलं. चकचकीत फॉइल ही तिसरीच जात: ती किरणांनी येणारी उष्णता परतवते, पण समोर हवेची पोकळी असेल तरच. दोन थरांत चिकटवून टाकलेली फॉइल म्हणजे महागडा कागद. छपरावरचा पांढरा रंग खरोखर उपयोगी आहे, फक्त त्याला 'इन्सुलेशन पेंट' म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. तो ऊन परतवतो, थंडीत घराची ऊब धरून ठेवत नाही. एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले हलके काँक्रीटचे ठोकळे, अधले-मधले: २० सेंटिमीटर ब्लॉकची भिंत अडवण्यात साध्या विटेपेक्षा कितीतरी बरी, पण ४-५ सेंटिमीटर थर्माकोलइतकीच. आणि माती हे इन्सुलेशन नव्हे. जमिनीखाली आठ-दहा मीटरवर तापमान वर्षभर जवळपास स्थिर असतं ते तिथल्या अफाट साठ्यामुळे. थंड प्रदेशात इन्सुलेशनविना जमिनीत घर पुराल तर ती माती जन्मभर तुमची ऊब शोषत राहील.

या घोळाची सगळ्यात मोठी किंमत कुठे मोजली जात असेल तर ती उघड्या स्लॅबखाली. १५ सेंटिमीटर काँक्रीट, अडथळा नगण्य, साठा भरपूर, आणि डोक्यावर दिवसभर ऊन. दुपारी दोनचा तडाखा चार-पाच तासांनी, बरोबर माणसं घरी परतायच्या वेळी, खाली उतरतो आणि मध्यरात्रीपर्यंत पुरतो. लोक म्हणतात स्लॅब अजून जाड टाकायला हवा होता. नको! स्लॅब आहे तोच ठेवा, त्याच्या *वर* वजन पेलणारं, पाणी न पिणारं इन्सुलेशन घाला आणि त्यावर फरशी. तोच स्लॅब आता सावलीत गेला, आणि त्याचा साठा तुमच्या बाजूनं काम करायला लागला. खालून फॉल्स सीलिंगमध्ये रॉकवूल भरणं सोपं आहे, त्यानं फरकही पडतो, पण तापलेला स्लॅब तापलेलाच राहतो आणि रोज ताणला-आक्रसला जाऊन तडे जातात ते जातातच.

आता तो अपवाद. आठवड्यातून एखादाच दिवस उघडायचं घर, सभागृह, किंवा दोन तास वापरायची अभ्यासिका. तिथे साठा नकोच, कारण भिंती उबदार होईपर्यंत माणसं निघून जायची वेळ होते. अशा खोलीला इन्सुलेशन खुशाल आतून लावा, बाष्परोधक पडद्याचा प्रत्येक जोड नीट चिकटवून. हीटर लावल्यावर दहा मिनिटांत खोली ऊबदार होईल आणि बाहेरची दीड फुटी भिंत, बिचारी, फक्त पाऊस-वारा अडवेल.