कापूस इथला, कापड परगावचं: मराठवाड्यातल्या मिलच्या गावांची पार्श्वभूमी

पुणे, हैदराबाद, वाळूज अशा ठिकाणी उमेदीची वर्षं घालवून नांदेडला परतणारी माणसं आता बरीच भेटतात. काही निवृत्त होऊन आलीत, काहींना २०२० च्या टाळेबंदीने आणलं, काही आईवडिलांचं वय झालं म्हणून आलीत. यातली पुष्कळ मिल कामगारांची मुलं आहेत. लेबर कॉलनी आणि आसपासच्या वस्त्यांत त्यांचं बालपण गेलं. घरी परतल्यावर कधी ना कधी विषय निघतोच, की नांदेडची एवढी मोठी उस्मानशाही कापड मिल बंद पडली कशी? त्यावर ठरलेली उत्तरं मिळतात. युनियनने बुडवली, साहेबांनी खाल्ली, आपल्या भागाचं नशीबच असं. मला ही तिन्ही उत्तरं अपुरी वाटतात. कामगारांना दोष देणारं पहिलं तर अन्यायाचंही वाटतं. मिल ज्या आधारांवर उभी राहिली, ते आधार एकेक करून निघाले आणि त्यांच्या जागी दुसरं काही दिलं गेलं नाही. हा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

पहिला आधार म्हणजे कापूस. गोदावरी खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत निघणारा गावरानी कापूस देशी वाणांत चांगल्या लांबीच्या धाग्यासाठी नावाजलेला होता. दुसरा आधार रेल्वे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि या मार्गावरच्या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. औरंगाबादेत सूत आणि कापडाची गिरणी त्याआधीच, १८८९ मध्ये निघाली होती. आज त्या गावाचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, मिल नाही, पण 'मिल कॉर्नर' हा पत्ता कायम आहे. नांदेडची उस्मानशाही मिल १९२० च्या दशकातली. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याचं नाव तिला दिलेलं होतं.

तिसऱ्या आधाराबद्दल फारसं बोललं जात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा आधार तोच होता. हैदराबाद संस्थानाला स्वतःची सरहद्द होती, स्वतःचा हाली सिक्का होता आणि स्वतःची जकात होती. जुनी माणसं तिला करोडगिरी म्हणत. संस्थानात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर शेकडा ५ या दराने ती घेतली जाई. मुंबईचं कापड नांदेडच्या बाजारात येताना या जकातीने महाग होई आणि इथला कापूस बाहेर जाताना त्यावरही पट्टी बसे. म्हणजे गिरणीला कच्चा माल दाराशी स्वस्त मिळे आणि पक्क्या मालाला घरचं गिऱ्हाईक असे. शिवाय संस्थानाने १९२९ मध्ये एक कोटी रुपयांचा औद्योगिक निधी काढला आणि उद्योगांना भांडवल पुरवलं. निजामी राजवटीत शेतकऱ्याची आणि सामान्य रयतेची काय दशा होती हे मराठवाड्याला सांगायला नको. त्या राजवटीविरुद्ध लढा द्यावाच लागला. पण गिरणीला संरक्षण होतं, हेही खरं आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. पुढे पन्नासच्या दशकात अंतर्गत जकात उठली, हाली सिक्का गेला आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. देश एक झाला, ही आनंदाचीच गोष्ट. पण नांदेड-औरंगाबादच्या गिरण्या एका रात्रीत मुंबई, अहमदाबाद, सोलापूरच्या गिरण्यांसमोर उघड्यावर आल्या. तिकडे बंदर होतं, बँका होत्या, कापडाच्या पेठा होत्या. इकडे मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे होती. मिलला लागणारा कोळसा असो की यंत्राचा सुटा भाग, मनमाडला ब्रॉडगेजच्या डब्यातून उतरवून मीटरगेजच्या डब्यात चढवावा लागे. जाणाऱ्या कापडाच्या गाठींचंही तेच. प्रत्येक चढ-उताराला हमाली, वेळ आणि तूट. मनमाडपासूनच्या रुंद रुळांसाठी मराठवाड्याने सत्तरच्या दशकात आंदोलनं केली. स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. रूळ प्रत्यक्षात रुंद झाले नव्वदच्या दशकात. तोवर मिलचं आयुष्य जवळजवळ संपत आलं होतं.

दरम्यान १९७४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. त्या यादीत उस्मानशाही होती आणि औरंगाबाद मिलही. दोन्ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे लोकांच्या भाषेत 'एनटीसी'कडे गेल्या. कामगारांच्या घरी हा दिलासा होता. पगार सरकारी झाला, पीएफ नियमित झाला, गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्या बदली कामगाराला कायम होण्याची आशा वाटू लागली. पण महामंडळाच्या पदरात पडलेली यंत्रं जुनाट होती आणि ती बदलण्यासाठी लागणारा पैसा पुरेसा आला नाही. त्यात गरिबांसाठीचं स्वस्त नियंत्रित कापड काढण्याची जबाबदारी या गिरण्यांवर होती. त्या कापडाचा भाव ठरलेला आणि खर्च मात्र वाढता. सूतखात्यात धागा वारंवार तुटला की कामगाराचे हात जोडणीतच जातात, उत्पादन घटतं आणि ताळेबंदात त्याची नोंद 'कामगारांची कमी उत्पादकता' अशी होते. युनियनने मिल बुडवली म्हणणाऱ्यांनी त्या यंत्रांचं वय विचारात घ्यावं.

त्याच काळात कापडाचा धंदा गिरण्यांच्या हातून मागवाल्यांकडे गेला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांना कामगार कायद्यांचं ओझं कमी होतं आणि करांतही सवलती होत्या. मुंबईत १९८२ चा संप झाला आणि तिथल्या गिरण्यांची पडझड वेगाने सुरू झाली. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने आजारी गिरण्या बंद करण्याची वाट मोकळी केली. नव्वदच्या दशकात महामंडळाच्या बहुतेक उपकंपन्या आजारी कंपन्यांचा निवाडा करणाऱ्या औद्योगिक आणि वित्तीय पुनर्रचना मंडळापुढे गेल्या. मग चालवण्याजोग्या आणि न चालणाऱ्या अशी गिरण्यांची वाटणी झाली, देशभरात साठाहून अधिक बंद झाल्या आणि कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. पुढे महामंडळ ज्या २३ गिरण्या चालवत होतं, त्यांत मराठवाड्यातली एकही नव्हती. जवळची एक होती बार्शीची, पण तो सोलापूर जिल्हा. २०२० च्या टाळेबंदीत त्या सगळ्याच थांबल्या.

आता कापसाकडे वळतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. मिल गेली तरी कापूस गेला नव्हता. नांदेडच्या संशोधन केंद्रात तयार झालेला एनएचएच-४४ हा संकरित वाण ऐंशीच्या दशकानंतर कोरडवाहू शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर लावला. १९७२ पासून राज्याची एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच विकत घ्यायचा. ती कापूस घेई, जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विके. हिशोब साधा आहे. पाच क्विंटल कापसातून सरकी बाजूला काढली की साधारण १७० किलो रुई निघते, तीच एक गाठ. गावात फक्त इतकंच काम होतं. गाठीचं सूत, सुताचं कापड, कापडाचे कपडे, प्रत्येक पायरीवर किंमत वाढते आणि त्या पायऱ्या तमिळनाडू, गुजरातेत आहेत. मोंढ्यात कापसाची गाडी लावून भावासाठी ताटकळणारा शेतकरी दिवाळीला परगावचं कापड विकत घेतो.

यावर उपाय म्हणून सहकारी सूतगिरण्या काढल्या गेल्या. सभासदांचे ५ टक्के, सरकारचे ४५ आणि ५० टक्के कर्ज असा त्यांचा आराखडा. कल्पना उत्तम होती. पण काही गिरण्या शेडच्या पुढे गेल्या नाहीत, काही कर्जात रुतल्या, काही विकल्या गेल्या. ज्याचे स्वतःचे पैसे शंभरात पाच, त्याला ती चालावी याची तळमळ किती असणार, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

उद्योग दुसरीकडे आले, हे नाकारता येत नाही. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि औरंगाबाद बदललं. मिल बुडाल्याची झळ तिथे नांदेडइतकी बसली नाही ती यामुळे. पण एकाच कारखान्यावर विसंबलेल्या गावाचं काय होतं, ते नंतर पैठण रस्त्यावरच्या चितेगावने पाहिलं. तिथली व्हिडिओकॉन कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिच्या आधाराने उभ्या राहिलेल्या लहान कारखान्यांपासून खानावळींपर्यंत सगळ्यांना फटका बसला. परळीत औष्णिक वीज केंद्र, तिथल्या भाषेत 'थर्मल', २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. जुने संच तर कायमचेच निकाली निघाले.

नांदेडला २००८ च्या गुरु-ता-गद्दी या शिखांच्या मोठ्या सोहळ्याने रस्ते, पूल आणि नवं रूप दिलं. आज शहर शिकवणी वर्ग, दवाखाने आणि गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या यात्रेकरूंवर चालतं. परतलेल्या माणसाला शहर वाढलेलं दिसतं, फक्त पाळीवर जाणारी माणसं दिसत नाहीत. जिथे एकाच छताखाली बाप आणि मुलगा दोघांना काम मिळे, तिथे आता मुलगा बारावीनंतर रेल्वेत बसतो.

एक प्रश्न अजून लोंबकळत आहे, जमिनीचा. मुंबईच्या बंद गिरण्यांच्या जमिनींसाठी खास नियम झाले. त्यांत कामगारांच्या घरांसाठी वाटा ठेवला गेला आणि २०१२ पासून म्हाडाच्या सोडती निघू लागल्या. वाटा कमी पडला, लढावं लागलं, पण हक्क कागदावर आला. ते नियम मुंबईपुरतेच आहेत. नांदेड आणि संभाजीनगरच्या मिल कामगाराला घरासाठी असा कोणताही हक्क नाही. त्याचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे आणि हा विषय विधिमंडळात लावून धरण्याची जबाबदारी मराठवाड्याच्या प्रतिनिधींची आहे.