नागपूर उच्च न्यायालयाची इमारत : पार्श्वभूमी

सिव्हिल लाइन्समधल्या या इमारतीला आज मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ म्हणतात, पण ती खंडपीठासाठी बांधलेलीच नव्हती. मध्यप्रांतात 1861 पासून न्यायिक आयुक्तांचे न्यायालय होते. 2 जानेवारी 1936 च्या शाही सनदेने (लेटर्स पेटंट) नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले आणि प्रांताच्या राजधानीला साजेशी वास्तू हवी झाली. प्रांताचे गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी 9 जानेवारी 1937 रोजी कोनशिला बसवली.

आराखडा हेन्री मेड यांचा. नवी दिल्लीतले कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन त्यांचेच. दिल्लीचा तो संयत अभिजात बाज इथेही दिसतो : 400 बाय 230 फुटांचा दुमजली विस्तार, मधोमध बागेचा चौक, 52 फूट उंचीचे अंग आणि त्यावर जमिनीपासून 109 फुटांपर्यंत चढणारा घुमट. नक्षीकाम बेताचे आहे. सगळा डौल प्रमाणबद्धतेतून येतो. अंदाजित खर्च होता 7,37,746 रुपये. 6 जानेवारी 1940 रोजी, युद्ध सुरू झाल्यावर चारच महिन्यांनी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

भिंती दिसतात तशा अखंड दगडी नाहीत. बाहेरून वालुकाश्माचे घडीव चिरे, आत विटांचे काम. व्हरांडे आणि कचेऱ्यांत सिकोसा व शहाबादी फरशी. डागडुजी करणाऱ्याने हे आधी समजून घ्यायला हवे. चिऱ्यांचे सांधे घट्ट सिमेंटने भरले, तर मुरलेले पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. मग ते दगडातूनच वाट काढते, सोबतचे क्षार पृष्ठभागाजवळ साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून दगडापेक्षा मऊ असा चुन्याचाच मसाला वापरावा. शहाबादी हा चुनखडीचा दगड. तो आम्लाने धुतला की झिलई कायमची जाते.

ज्या प्रांतासाठी ही वास्तू उभारली, तो सोळा वर्षांत संपला. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. इमारतीचे महत्त्व नुसत्या घुमटावर मोजणे त्यामुळेच अपुरे वाटते. राज्य बदलले, राजधानी गेली, तरी न्यायदानाचे मूळ काम तिथेच चालू राहिले. या काळातल्या फार थोड्या प्रांतिक वास्तूंना हे भाग्य लाभले.