ग्रीन टी आणि लिव्हर

ग्रीन टी म्हणजे आपल्या नेहमीच्याच चहाचं पान, झाडही तेच, कॅमेलिया सायनेन्सिस, फक्त पान तोडल्यावर लगेच वाफवतात नाहीतर कढईत परततात, त्यामुळे पान काळं पडत नाही आणि त्यातली कॅटेचिनं, म्हणजे चहाला तुरटपणा देणारी अँटिऑक्सिडंट द्रव्यं, टिकतात. नाशिकमध्ये काहीजण परसातल्या गवती चहालाच ग्रीन टी म्हणतात, ते वेगळंच गवत आहे, सर्दीत आलं घालून प्या खुशाल, पण खालचं काही त्याला लागू नाही. कॅटेचिनं द्राक्षाच्या बियांतही असतात, पण आपल्याकडची थॉमसन बिनबियांची, त्यामुळे तोही चान्स गेला.

कॅटेचिनांत मुख्य ईजीसीजी, एका कपात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम. दारू, औषधं, चरबी यांचा निपटारा करताना लिव्हरमध्ये फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात आणि त्यांना आवरायला लिव्हरकडे स्वतःचं ग्लुटाथायोन आणि कॅटालेजसारखी एन्झाइम्स असतात. ईजीसीजी टेस्ट ट्यूबमध्ये फ्री रॅडिकल्स मस्त पकडतं, पण प्यायलेल्यातलं रक्तात पोचतं फारच थोडं, म्हणून खरा उपयोग एनआरएफ-२ नावाचं प्रोटीन जागं करून शरीराचीच यंत्रणा वाढवण्यात असावा असं मानतात, आणि हेही बरंचसं उंदरांवर आणि पेशींवर दिसलेलं. फॅटी लिव्हरच्या पेशंटवर छोटे प्रयोग झालेत, काहींत एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) थोडं उतरलं, पण औषध म्हणून लिहून द्यावं इतकं काही ते नाही. रविवारी गंगापूर रोडला वॉक, मग तर्री मारून मिसळ आणि वर ग्रीन टी, असा हिशोब लिव्हर मांडत नाही.

गडबड होते ती ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूलमध्ये. हेच ईजीसीजी मोठ्या डोसमध्ये उलटं वागतं, स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागाला, इजा करतं, आणि रिकाम्या पोटी घेतलं तर रक्तात जास्त चढतं, वजन कमी करणारे नेमके तेव्हाच घेतात! २००३ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये एक्झोलिज नावाचं ग्रीन टी अर्काचं प्रॉडक्ट लिव्हरच्या केसेसमुळे बाजारातून काढलं. २०१८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर लिव्हर एन्झाइम्स वाढू शकतात, नेहमीसारखा बनवलेला चहा मात्र साधारणपणे सेफ. एचएलए-बी*३५:०१ हा जीनचा प्रकार असलेल्यांना धोका जास्त दिसतो, पण तो आपल्यात आहे का हे कोण तपासून बघतं. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं काही झालं तर कॅप्सूल आधी बंद करायची आणि डॉक्टरला डबा दाखवायचा, कारण जिममध्ये मिळालेल्या फॅट बर्नरमध्ये ग्रीन टी अर्क आहे हे पेशंटलाच माहीत नसतं. बंद केल्यावर बहुतेक लोक बरे होतात, थोड्यांना लिव्हर ट्रान्सप्लांटपर्यंत जावं लागलंय.

हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणानंतर तासभर थांबून प्यावा, भाजी-डाळीतलं लोह हा चहा अडवतो. बीपीची नॅडोलॉल चालू असेल तर तिचं रक्तातलं प्रमाण ग्रीन टीने बरंच घटतं, तेव्हा आधी डॉक्टरला विचारा.