पेपरातल्या नोकऱ्या लॉकडाऊनमध्ये गेल्या, पण त्याची तयारी २०११पासूनची

मे २०२०. सगळं बंद, घरातल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एचआरचा फोन. एरवी एचआरकडून फोन यायचा तो फॉर्म सोळा घेऊन जा म्हणून. समोरची व्यक्ती कागदावरून वाचत होती हे कळत होतं, मधे पान उलटल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. परिस्थिती अशी अशी आहे, आपण आजच राजीनाम्याचा मेल करा, एक महिन्याचा पगार देऊ, उद्यापासून लॉगिन चालणार नाही. अर्ध्या तासात आमच्या डेस्कवरच्या पाच जणांना असेच फोन गेले, आणि रात्रीचं पान नेहमीच्या वेळेला उरलेल्या तिघांनी लावलं.

त्या काळाबद्दल बोलताना सगळे एकच वाक्य बोलतात, कोरोनाने पेपर खाल्ले. ते अर्धंच खरं आहे. जाहिराती गेल्या, पेपर घरी जाईना, हे झालंच. पण एका फोनवर, एका महिन्याच्या पगारावर दहा-पंधरा वर्षांचा माणूस बाहेर काढता आला, ते कोरोनामुळे नाही. ती सोय त्याच्या बऱ्याच आधी करून ठेवलेली होती आणि तिच्यावर सह्या आमच्याच होत्या, म्हणून ते नीट मांडतो.

फार मागे जात नाही. तंत्र बदललं की पेपरातली माणसं कमी होतात हे नवीन नाही, ऑफसेट आणि फोटो कंपोझिंग आलं तेव्हा खिळे म्हणजे शिशाची अक्षरं जुळवणारे जुळारी गेले, नंतर पानं कॉम्प्युटरवर लागायला लागली तेव्हा पेस्टिंगवाले गेले, आणि मुद्रितशोधक तर इतक्या गुपचूप गेले की आज नव्या मुलांना असं एक खातं असायचं हेही माहीत नाही. पण त्या वेळी बहुतेक माणूस पर्मनंट होता, मागे युनियन होती, त्यामुळे कोणाला दुसऱ्या खात्यात घेतलं, कोणाला व्हीआरएस दिली, थोडक्यात माणूस हलवायला किंमत मोजावी लागायची.

ती किंमत यायची १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्यातून. ह्या कायद्यात पत्रकाराला कमी करायचं तर तीन महिन्यांची नोटीस, संपादकाला सहा महिन्यांची, आणि पगार ठरवायला सरकारने नेमलेला वेज बोर्ड. पालेकर, बच्छावत, मणिसाना ही त्या बोर्डांच्या अध्यक्षांची नावं जुन्या लोकांच्या तोंडात अजून आहेत. शेवटचा मजिठिया, त्याचा अहवाल २०१०च्या डिसेंबरअखेर आला आणि ११ नोव्हेंबर २०११ला केंद्राने अधिसूचना काढली. मालकांच्या बाजूने सुप्रीम कोर्टात याचिका आधीच होत्या, त्या फेटाळून ७ फेब्रुवारी २०१४ला कोर्टाने सांगितलं की हे वेतन ११ नोव्हेंबर २०११पासून द्या आणि फरक वर्षभरात चार हप्त्यात चुकता करा.

इथून 'वीस जे'चा घोळ. बाहेरच्या माणसाला हा शब्द काहीच सांगत नाही, पण पेपरात काम केलेल्या कोणालाही विचारा. मजिठियाच्या शिफारशींमधलं विसावं कलम, त्यातलं जे हे उपकलम. त्याचा मजकूर साधा आहे: नवीन वेतनश्रेणी सगळ्यांना लागू, पण अधिसूचना निघाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत एखाद्या कर्मचाऱ्याने मला माझा आत्ताचाच पगार ठेवायचा आहे असा पर्याय दिला तर त्याला तो ठेवता येईल. बस, एवढंच.

ही तरतूद कोणासाठी? ज्याचा पगार आधीच बोर्डापेक्षा जास्त आहे त्याचं नवीन श्रेणीत बसवताना नुकसान होऊ नये म्हणून. पण वापरली गेली ती नेमकी उलट्या बाजूने, म्हणजे ज्याला बोर्डाप्रमाणे वाढ मिळणार होती त्याच्याकडूनच लिहून घेतलं की मला ती नको. तीन आठवडे म्हणजे २ डिसेंबर २०११पर्यंत. आमच्याकडे तो कागद आला पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत. अकाउंट्सच्या टेबलवर गठ्ठा, इंग्रजीत टाइप केलेलं एकच पान, वर नाव आणि एम्प्लॉयी कोड आधीच छापलेला, खाली सही, आणि तारखेची जागा मोकळी सोडा असं तोंडी सांगितलेलं. माझ्या पुढे रांगेत जिल्हा पानाचा एक ज्येष्ठ उपसंपादक होता, तो चष्मा लावून वाचायला लागला तर टेबलामागचा माणूस म्हणाला, दादा वाचायचं काय त्यात, सगळ्यांचंच आहे. दादांनी सही केली. मीही केली. तेव्हा घराचा हप्ता होता आणि मार्चएंडला इन्क्रिमेंटची पत्रं निघणार होती.

आता दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली पाहिजे. ह्या सहीइतकाच दुसरा कागद होता पर्मनंट नोकरीऐवजी ठरावीक मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टचा, आणि कॉन्ट्रॅक्टवर गेलेले सगळे काही जबरदस्तीने गेले नव्हते. २००५ नंतर मराठी पेपर जिल्ह्याजिल्ह्यात आवृत्त्या काढत होते, २०११मध्ये एका हिंदी ग्रुपने औरंगाबादेतून मराठी पेपर सुरू केला तेव्हा तर माणसं पळवापळवी झाली, पंधरा हजारवाल्याला पंचवीस हजार मिळाले. पर्मनंटमध्ये बेसिक, डीए, असं सगळं मिळून जे हातात यायचं त्यापेक्षा कॉन्ट्रॅक्टचा सीटीसी, म्हणजे कागदावरचा एकूण पगार, मोठा दिसायचा. तरुण मुलांना वाटायचं वेज बोर्ड ही म्हाताऱ्यांची गोष्ट आहे. तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, संपलं की रिन्यू होतंच, आजवर कोणाचं झालं नाही असं आहे का? जाहिराती भरपूर असेपर्यंत खरंच सगळ्यांचं होत होतं. पण त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नोटीस एक महिन्याची किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार, असं एक कलम होतं, आणि मे २०२०च्या फोनवर जे वाचून दाखवलं गेलं ते शब्दशः हेच कलम होतं.

कोर्टात हा प्रश्न पुन्हा गेला. २०१४चा निकाल पाळला नाही म्हणून देशभरातून अवमान याचिका गेल्या आणि १९ जून २०१७ला निकाल आला. कर्मचाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर जवळपास सगळे मुद्दे लागले. वीस जेची सही बोर्डापेक्षा कमी पगाराला लागूच होत नाही, कारण कायद्याने ठरवलेलं किमान वेतन कोणी सही करून सोडू शकत नाही. कॉन्ट्रॅक्टवरचा आणि पर्मनंट असा भेद कायद्यातच नाही, दोघांनाही मजिठिया लागू. अडचण आहे, तोटा आहे, एवढं म्हणून भागत नाही, मोठ्या रोख तोट्याची सूट फक्त फरकाच्या रकमेपुरती आणि तीही लागोपाठ तीन वर्षं तसा तोटा दाखवला तरच.

एवढं सगळं म्हणून झाल्यावर कोर्ट म्हणालं, अवमान झालेला नाही, कारण मालकांनी मुद्दाम निकाल मोडला असं दिसत नाही, त्यांचा अर्थ लावण्यात फरक झाला. ज्याला पैसे हवेत त्याने कायद्याच्या सतराव्या कलमाखाली जावं, म्हणजे लेबर कमिशनरकडे अर्ज, तिथे रकमेवरून वाद निघाला की लेबर कोर्ट, तिथून वसुलीचा दाखला, मग कलेक्टरने जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची. आणि अर्ज एकेकट्या माणसाने करायचा, तोही ज्या ऑफिसात उद्या सकाळी मीटिंगला जायचंय त्याच ऑफिसच्या विरोधात. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला सर्वात महाग पडलेला निर्णय हाच. हक्क पूर्ण मान्य केला आणि तो मिळवायची वाट अशी दिली की नोकरीत असलेला माणूस तिच्यावर पाऊल टाकणारच नाही. ज्यांनी टाकलं त्यातल्या कोणाची बदली झाली, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट त्या मार्चला रिन्यू झालं नाही. बाकीच्यांनी ते पाहिलं आणि गप्प राहिले, मीसुद्धा त्यातलाच.

त्याच काळात धंदा खाली चालला होता हे नाकारता येत नाही. पेपरचा अंक छपाईखर्चापेक्षा कमी पैशात विकायचा आणि भरून काढायचं जाहिरातीतून, हे गणित नव्वदच्या दशकातल्या किंमतयुद्धापासून पक्कं झालेलं. वाचकाला चार-पाच रुपयांची सवय लागली, त्यातून विक्रेत्याचं कमिशन गेलं की मालकाच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून जाहिरात हलली की पेपर हलतो. २००८च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडाली आणि इथे बिल्डरांची फुल पेज थांबली, तेव्हा पहिला झटका बसला, पुरवण्या बंद झाल्या, भरती थांबली. पण दीड-दोन वर्षात पैसा परत आला. नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीनंतर तसा परत आला नाही. मे २०१७मध्ये बिल्डरांसाठीचा रेरा कायदा पूर्ण लागू, जुलैत जीएसटी, त्यात छापील जाहिरातीवर पहिल्यांदाच पाच टक्के कर, आणि छोटा दुकानदार, क्लासवाला, जिल्ह्याचा ज्वेलर ज्यांच्यावर जिल्हा आवृत्ती चालायची ते फेसबुककडे वळले कारण तिथे पाचशे रुपयातही जाहिरात होते. २०१८मध्ये कागद महागला, २०१९च्या जुलैमधल्या बजेटमध्ये आयात न्यूजप्रिंटवर दहा टक्के कस्टम ड्युटी लावली, पुढच्या फेब्रुवारीत ती पाचवर आणली. म्हणजे मार्च २०२० उजाडला तेव्हा पानं आधीच कमी झालेली, काही आवृत्त्या शेजारच्या जिल्ह्यात विलीन झालेल्या.

लॉकडाऊनची गोष्ट सगळ्यांना आठवते. पेपरमधून विषाणू येतो ही अफवा, सोसायटीच्या गेटवर वॉचमनने अडवलेले गठ्ठे, मुंबईत विक्रेत्यांनी वाटपच थांबवलं. १८ एप्रिलच्या राज्य सरकारच्या आदेशात पेपर छापायला हरकत नव्हती पण घरोघरी टाकायला बंदी. ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसात आदेश बदलला, तरी मुंबई-पुण्यात आणि कंटेन्मेंट झोनमध्ये बंदी राहिलीच, ती सुटली जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर. अडीच महिने. ह्या अडीच महिन्यात पेपरांनीच रोज सकाळी पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फुकट सोडले, वाचक टिकावा हाच हेतू. माझे वडील पन्नास वर्षं सकाळी सहाला दार उघडून पेपर घेणारे, ते जूनपर्यंत फोनवर दोन बोटांनी पान मोठं करून अग्रलेख वाचायला शिकले होते. पेपर परत सुरू करायचा का विचारलं तर म्हणाले, बघू पुढच्या महिन्यात.

आणि नेमकं ह्याच अडीच महिन्यात फोन आले. २९ मार्चला केंद्राच्या गृहखात्याने पगार कापू नका असा आदेश काढला होता, मेच्या मध्यावर तो मागे घेतला. आमच्याकडच्या फोनची गर्दी त्यानंतरची. इथे अजून एक शब्द नीट पाहायला हवा, 'राजीनामा'. कंपनीने काढलं तर ती छाटणी, मग नोटीस आली, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई आली, लेबर ऑफिसला कळवणं आलं. माणसाने स्वतः मेल केला तर ह्यातलं काही नाही. म्हणून फोनवर सारखं सांगितलं जायचं, टर्मिनेट करायला लावू नका, रेकॉर्ड खराब होईल, दुसरीकडे जाताना अडचण येईल. दुसरीकडे म्हणजे कुठे, सगळीकडे हेच चालू होतं. बहुतेकांनी मेल केला. त्यामुळे कागदोपत्री त्या वर्षी अनेक ऑफिसांत एकही छाटणी झालेली नाही, माणसं स्वखुशीने गेली.

कोण गेलं हेही बघा. आधी पुरवण्यांचे लोक, मग फोटोग्राफर, मग डेस्कवरचे चाळिशी-पन्नाशीतले ज्यांचा पगार जरा बरा होता. तालुक्याचे वार्ताहर तर कधी कर्मचारी नव्हतेच, त्यांना मानधन, तेही जाहिरात आणली तर. त्यांची बातमी बंद झाली एवढंच, त्यांना फोनसुद्धा आला नाही. माझ्याबरोबर ज्यांनी मेल केला त्यातला एक आज गावी दूध संकलन केंद्र चालवतो, एक जण क्लासच्या नोट्स टाइप करून देतो, आणि जिल्हा पानाचे ते दादा तीन वर्षांनी निवृत्त होणार होते ते तीन वर्ष आधीच घरी बसले.

पुढच्या वर्षांत धंदा थोडा सावरला. २०२२मध्ये युक्रेन युद्धाने रशियाचा कागद अडला आणि न्यूजप्रिंट टनाला हजार डॉलरच्या आसपास गेला, तेव्हा पुन्हा पानं घटली, मग भाव उतरले, जाहिरातीही काही प्रमाणात परतल्या. माणसं परत घेतली नाहीत. जे काम आठ जण करायचे ते तिघं करतात, तेच तिघं वेबसाइटलाही बातमी टाकतात, आणि कॉन्ट्रॅक्ट आता तीनऐवजी एक वर्षाचं.

कायद्याचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९५५चा श्रमिक पत्रकार कायदा त्यात विरून गेला. पत्रकाराची व्याख्या आहे, कामाच्या तासांची मर्यादा आहे, पण मजिठियानंतर पुढचा वेज बोर्ड बसेल अशी तरतूद नाही. जुने दावे मात्र चालू आहेत. दादांनी शेवटी २०२१मध्ये अर्ज केला, निवांत होते म्हणून. त्यात पहिला जोड कागद म्हणून कंपनीने वीस जेवरची त्यांची सही लावली आहे, आणि मोकळी सोडलेली तारखेची जागा आता भरलेली आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात, २८ नोव्हेंबर २०११. अक्षर दादांचं नाही हे दाखवायला ते दर तारखेला आपली जुनी हस्तलिखित बातमी पिशवीत घालून नेतात.