बरणीतल्या आंबट चेरीची घरगुती वाइन : पार्श्वभूमी

फळ आंबू नये म्हणून ते बरणीत बंद करायचं आणि पुढच्या वर्षी तीच बरणी फोडून फळ मुद्दाम आंबवायचं, असा हा उफराटा उद्योग आहे. मध्य आणि पूर्व युरोपात तो घरोघरी चालत आला, कारण तिथे आंबट चेरीचा हंगाम काही आठवड्यांत आटोपतो, फळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडतं आणि अंगणातलं एकच झाड कुटुंबाला खाऊन संपणार नाही इतकं देतं. उरलेलं सगळं बरणीत जातं.

या बरणीची सुरुवात फ्रान्समधली. निकोला अपेर हा मूळचा हलवाई. अन्न जाड काचेच्या बाटलीत भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, ही त्याची पद्धत. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले; अट एवढीच, की पद्धत छापून सर्वांना खुली करावी. अन्न का टिकतं हे मात्र त्याला सांगता येत नव्हतं. ते कोडं १८५७ पासून पुढे लुई पाश्चरच्या कामाने सुटलं. साखरेचं अल्कोहोल जिवंत यीस्ट करतं आणि उष्णतेने ते मरतं.

बरणीतल्या चेरीची वाइन आपोआप का होत नाही, याचं उत्तर इथेच आहे. ताज्या चेरीच्या सालीवर रानटी यीस्ट असतं; चेचून ठेवली की ती एक-दोन दिवसांत फसफसू लागते. बरणीतल्या चेरीवरचं यीस्ट भरतानाच मेलेलं असतं. ती नुसती पाणी-साखर घालून ठेवली, तर हवेतून जे आधी पडेल ते वाढतं, आणि बहुतेक वेळा ती बुरशी असते.

घरगुती बरणी स्वस्त आणि भरवशाची झाली ती पुढच्या काळात. अमेरिकेत जॉन लँडिस मेसनने १८५८ साली आट्यांच्या तोंडाच्या बरणीचं पेटंट घेतलं. जर्मनीत रुडॉल्फ रेम्पेलने १८९२ मध्ये रबरी कडं आणि काचेचं झाकण असलेल्या बरणीचं पेटंट मिळवलं. ते विकत घेऊन योहान वेकने १९०० साली कंपनी काढली. आज जर्मन दुकानात ‘शाटेनमोरेले’ जातीची आंबट चेरी ७२० मिलिलिटरच्या बरणीत मिळते : निव्वळ वजन ६८० ग्रॅम, निथळलेलं फळ ३५० ग्रॅम, बिया काढलेल्या. वाइनसाठी हा सोयीचा माल आहे, कारण उष्णतेने टिकवलेला असल्याने त्यात सहसा परिरक्षक नसतो.

सोव्हिएत घरांत दुसरीच तऱ्हा होती. तीन लिटरच्या बरण्यांत बियांसकट चेरी आणि पातळ पाक, म्हणजे कोम्पोत. तळघरात दोन-तीन वर्षं पडून राहिलेल्या बरण्यांची वाइन करत. यीस्टसाठी न धुतलेले मूठभर बेदाणे टाकायचे आणि बरणीच्या तोंडावर बोटाला टाचणीने भोक पाडलेला रबरी हातमोजा चढवायचा. वायू आला की मोजा उभा राहतो, आंबणं संपलं की लोळतो. मोजा उत्तम काम करतो. बेदाण्यांचा मात्र भरवसा नाही. सांगली-तासगावकडचा पिवळा बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असतो, त्यातून यीस्टची अपेक्षा करणंच चूक. शिवाय चेरीच्या बीत अमिग्डालिन असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. बियांसकट भरलेली बरणी वर्षाच्या आत संपवावी, असं तिथलेच लोक सांगतात. तेव्हा जुन्या, बियांच्या बरण्या वाइनला घेऊ नयेत. झाकण फुगलेली तर उघडूही नये.

बेदाण्याला पर्याय कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून आला. एमिल क्रिस्टियान हान्सेनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. ते बिअरचं होतं. वाइनसाठी जर्मनीत गायझेनहाइमला १८९४ मध्ये तसंच केंद्र निघालं. आज पाच ग्रॅमच्या पाकिटात येणारं कोरडं यीस्ट त्याच परंपरेतलं. आंबट चेरीला ‘७१बी’ हा वाण शोभतो, कारण चेरीत मुख्यतः मॅलिक आम्ल असतं आणि हे यीस्ट त्यातलं थोडं खाऊन आंबटपणा उतरवतं.

साडेचार लिटरच्या काचेच्या कुपीसाठी वर सांगितलेल्या ७२० मिलिलिटरच्या पाच जर्मन बरण्या पाकासकट बादलीत ओताव्यात. फळ हाताने चेचावं, मिक्सर नको. पाणी घालून साडेचार लिटर करावं, मग हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणारी काचेची नळी) बुडवून १.०८५ ते १.०९० येईपर्यंत साखर विरघळवावी. साधारण ४०० ते ५०० ग्रॅम लागते, पण पाक किती गोड आहे त्यावर हे ठरतं, म्हणून मोजल्याशिवाय ओतू नये. एवढ्यात सुमारे १२ टक्के अल्कोहोल होतं.

यापुढच्या दोन गोष्टी ताज्या फळाला एक वेळ चुकल्या तरी चालतात, बरणीतल्याला नाही. पहिली पेक्टिनची, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या फळातल्या चिकट घटकाची. उष्णतेने फळातलं पेक्टिन सुटं होतं आणि ते फोडणारं फळाचं स्वतःचं एन्झाइम निकामी होतं. मग वाइन सहा महिने ठेवली तरी निवळत नाही. पेक्टिन फोडणारं एन्झाइम १९३० च्या दशकात फळांच्या रसाच्या उद्योगासाठी बाजारात आलं. ते एक चमचा घालून रात्रभर थांबावं, मग यीस्ट. दुसरी गोष्ट पोषणाची. पाण्याने पातळ झालेल्या या फळात नायट्रोजन कमी पडतो, उष्णतेने थायमिनही (ब१ जीवनसत्त्व) घटतं. उपाशी यीस्ट मध्येच अडकतं किंवा सडक्या अंड्यासारखा वास सोडतं. एक चमचा यीस्ट-पोषक घातलं की हा प्रश्न मिटतो.

तापमान १८ ते २२ अंश. वर तरंगणारा चोथा दिवसातून दोनदा खाली दाबावा, नाहीतर त्यावर आंबूस शिर्का धरतो. पाच-सहा दिवसांनी हायड्रोमीटरचा आकडा १.०२० च्या आसपास आला की गाळून एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं बूच) लावलेल्या कुपीत भरावं. महिन्याने साक्यावरून काढावं, पुन्हा दोन-तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी कॅम्पडेनची, म्हणजे सल्फाइटची, एक गोळी पुरते; हे नाव इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्पडेन गावच्या फळ-परिरक्षण संशोधन केंद्रावरून पडलं आहे. रंग ताज्या चेरीइतका लाल येणार नाही, कारण उष्णतेने तो आधीच विटलेला असतो. हवा लागली तर तो विटकरी होतो.

बाटलीत भरताना गोडी वाढवायची तर यीस्ट पुन्हा वाढू न देणारं पोटॅशियम सॉर्बेट आणि सल्फाइट दोन्ही घालावं. नुसतं सॉर्बेट घातलं तर जिवाणू त्यातून जिरेनियमच्या पानासारखा वास काढतात आणि तो परत जात नाही. अशाच परिरक्षकांमुळे आधीच घोटाळाही होतो : बरणीच्या लेबलवर ई२०२ (हेच सॉर्बेट) किंवा ई२११ (सोडियम बेन्झोएट) असेल तर यीस्ट उठणारच नाही, कितीही पाकिटं ओतली तरी. केकवरच्या माराशिनो चेरीचंही तेच. अमेरिकेत ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट वीगंडने १९२५ नंतर बसवलेल्या पद्धतीत फळ आधी सल्फर डायऑक्साइड आणि कॅल्शियमचे क्षार घातलेल्या पाण्यात ठेवतात, मग रंग आणि पाक देतात. वाइनला लागणारं त्यात काही उरत नाही. आपल्याकडे बेकरीत ‘चेरी’ म्हणून विकतात ती तर बऱ्याचदा पाकवलेली, रंगवलेली करवंदं असतात.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि घराला २०० गॅलन वाइन विनाकर करता येते, पण विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. इथे परवान्याशिवाय वाइन करणं गुन्हा ठरतो, ती घरच्यासाठी असली तरी.