फ्रेंच ॲडव्हान्स: चाली घोकण्याआधी हे वाचा

दांडिया बाजार, वडोदरा येथील आमच्या बुद्धिबळ वर्गातील मुलांच्या पालकांसाठी

मधल्या गटाला सध्या फ्रेंच बचावातलं (काळा ई४ला ई६ने उत्तर देतो ती सुरुवात) ॲडव्हान्स व्हेरिएशन, म्हणजे पांढरा ई-प्यादं ई५ वर ढकलतो तो प्रकार, शिकवत आहोत. १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५, एवढ्या चाली मुलांना एका बैठकीत पाठ होतात. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. (१८३४ मध्ये लंडन आणि पॅरिस यांच्यात पत्राने सामना सुरू झाला. त्यात पॅरिसकरांनी ई६ खेळून डाव मारला, म्हणून नाव फ्रेंच.)

ई५ वरचं प्यादं काळ्या घोड्याला एफ६ वर येऊ देत नाही आणि राजाच्या बाजूला पांढऱ्याला ऐसपैस जागा मिळते. काळ्याचा सी८ वरचा उंट मात्र स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. मुलं वैतागून लगेच ई५ वर धडका मारू लागतात. तसं नको. डी४ आणि ई५ या एकमेकांना जोडलेल्या पांढऱ्या प्याद्यांच्या साखळीच्या मुळावर, म्हणजे डी४ वर, घाव घालायचा. म्हणून आधी ३...सी५ (टिंबं म्हणजे काळ्याची चाल), मग घोडा सी६, वजीर बी६. दुसरा घोडा ई७ किंवा एच६ वरून एफ५ वर. सगळ्यांचा रोख एकाच प्याद्यावर. एफ६ची धडक नंतर, सोंगट्या बाहेर आल्यावर. गंमत म्हणजे मुळावर हल्ला करण्याचं सूत्र आग्रहाने मांडणारे नामवंत बुद्धिबळपटू आणि लेखक निम्झोविच स्वतः पांढऱ्याकडून ई५ आवडीने खेळत.

एक सापळा घरी पटावर मांडून पाहाच (x म्हणजे मारणं). ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. उंट डी३ सीxडी४ ७. सीxडी४. आता पांढऱ्याच्या वजिराची वाट त्याच्याच उंटाने अडवली आहे, त्यामुळे डी४ फुकट दिसतं. काळ्याने ७...घोडाxडी४ ८. घोडाxडी४ वजीरxडी४ असं खाल्लं, की ९. उंट बी५ शह! उंट बाजूला झाला, वाट मोकळी झाली, काळ्याचा वजीर गेला. म्हणून आधी ७...उंट डी७, मग डी४ला खरा धोका.

पांढऱ्याने ६. उंट डी३ ऐवजी ६. ए३ खेळलं, तर काळा सी४ खेळून मधली प्यादी अडकवून टाकू शकतो. डी४ वरचा दाब सुटतो, पण बी३ घर काळ्याच्या घोड्याला मिळतं. आमच्या मते नवशिक्यांनी या फाट्यात घाईने शिरू नये.

घरी सराव घेताना ‘पुढची चाल कोणती?’ असं विचारू नका. ‘डी४ वर कोणाकोणाचा रोख आहे आणि राखायला कोण आहे?’ असं विचारा. उत्तर मुलाने पटावर बोट ठेवून द्यावं. स्पर्धेत हा डाव खेळला, तर चाली लिहिलेला कागद वर्गात आणून द्या, हरलेला असेल तर जरूर.