रकान्यांच्या कागदामागचा इतिहास

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा स्पर्धा परीक्षेचा एखादा विद्यार्थी समुपदेशकाकडे जाऊन येतो, तेव्हा त्याच्या हातात बरेचदा रकाने आखलेला एक कागद असतो: प्रसंग, त्या क्षणी मनात आलेला विचार, भावना व तिची तीव्रता, आणि शेवटी त्या विचाराच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा. ‘पूर्वपरीक्षा दोन गुणांनी हुकली, आता माझ्या हातून काहीच होणार नाही’ हे वाक्य दुसऱ्या रकान्यात उतरवल्यावर त्यातला ‘काहीच’ हा शब्द प्रथमच डोळ्यांत भरतो. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजेच सीबीटी (विचार आणि वागणे यांवर काम करून मनाचा त्रास कमी करणारी उपचारपद्धती), या नावाखाली आज एकत्र नांदणारी अशी तंत्रे मुळात दोन वेगळ्या घराण्यांतली आहेत.

वर्तनाचे घराणे आधीचे. १९२४ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचा खाऊ देत ससा थोडा थोडा जवळ आणला, आणि त्याची भीती ओसरली. १९५८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी स्नायू सैल सोडण्याच्या सरावाला भीतीच्या चढत्या पायऱ्यांची जोड देऊन याच मार्गाला रीतसर पद्धतीचे रूप दिले.

विचारांच्या घराण्यात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस प्रथम येतात. एकोणिसाव्या वर्षी स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी न्यूयॉर्कमधल्या एका उद्यानात आपण महिनाभरात शंभरेक अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोललो, असे ते सांगत. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण ‘करून पाहा’ हा आजचा गृहपाठ त्यात आधीच दिसतो. १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे त्रासामागच्या अविवेकी समजुती तपासून बदलण्याची पद्धत, मांडायला सुरुवात केली.

फिलाडेल्फियाचे ॲरन बेक हे मूळचे मनोविश्लेषक. नैराश्यग्रस्त रुग्ण मोकळेपणी बोलत असतानाच त्यांच्या मनात स्वतःला दूषणे देणाऱ्या विचारांची दुसरी धार चालू असते, हे १९६० च्या आसपास त्यांच्या लक्षात आले. या ‘आपोआप येणाऱ्या विचारां’ना कागदावर पकडणे हे रकान्यांचे मूळ प्रयोजन होय. १९७७ मध्ये बेक यांनी यावर उभारलेल्या उपचाराची तुलना नैराश्यावरच्या इमिप्रामीन या औषधाशी झाली, तीत तो सरस ठरला, आणि बेक व सहकाऱ्यांच्या १९७९ च्या ग्रंथाने त्याची कार्यपद्धती सर्वदूर पोहोचवली.

मराठीत एलिस यांची पद्धत रुजवण्यात मुंबईच्या कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण घरोघरी ऐकलेल्या माणसाला विचारांचा हा अतिरेक नव्याने शिकवावा लागत नाही. अडचण येते ती आपल्या ‘वाटणे’ या क्रियापदापाशी. ‘मी नापास होणार असे वाटते’ हा विचार असतो आणि ‘वाईट वाटते’ ही भावना. दोन्हींना शब्द एकच असल्याने दोन्ही वाक्ये एकाच रकान्यात जाऊन बसतात. म्हणून मराठीत हा कागद भरताना पहिली काही सत्रे ‘वाटते’च्या या दोन अर्थांची फोड करण्यात घालवणे मला अत्यंत आवश्यक वाटते.